सरांची भिंत

दिग्रस

प्रिय क्षितिज,

फोनवर बोलले तर तुझ्याशी भांडण होईल, म्हणून लिहायला बसले. नरहर सर आता अंथरुणातून उठत नाहीत. दृष्टी गेली तेव्हाही एवढे खचले नव्हते. रत्नप्रभाकाकू भरवतात ते दोन घासही कसेबसे जातात.

शाळेची ती लांब भिंत आठवते ना? चित्रकलेच्या तासाला सरांनी आपल्या वर्गाकडून तिच्यावर काळी माती, चुना आणि जिनिंगमधली सरकी थापून घेतली होती. पुढचं काम ऊन-पावसाचं, म्हणाले, आणि मग कुणाला हात लावू दिला नाही. पोपडे पडले की हेडमास्तर चिडायचे. सर मात्र मधल्या सुट्टीत आपल्याला नवा पोपडा दाखवायला न्यायचे. गाव त्यांना येडं म्हणायचं आणि आपल्याला त्याचाच तोरा! डोळे गेल्यावर मी त्यांना रविवारी तिथे नेत असे. बोटांनी चाचपत ते तासभर रमायचे.

सत्कारासाठी अक्षय आणि इतर माजी विद्यार्थ्यांनी ती भिंत खरवडली. गुळगुळीत पुट्टी, वर ऑइलपेंट, मधोमध सरांचा हसरा चेहरा आणि सोनेरी अक्षरांत नाव. सगळं प्रेमानं केलं रे, म्हणून कुणावर ओरडताही येईना. मी सासूबाईंच्या आजारपणात उमरखेडला अडकले होते, मला कार्यक्रमातच कळलं.

शाल पांघरवून झाल्यावर सर स्वतःच भिंतीकडे वळले. हात फिरवत टोकापर्यंत गेले, परत आले. "अक्षय, मले दुसऱ्याच भिंतीपाशी आणलं का रे?" अक्षय खुशीत म्हणाला, "नाही सर, तुमचीच हाये. मस्त नवी करून देल्ली!" टाळ्या पडल्या. सरांनी सगळ्यांना हात जोडले. मला तिथे उभं राहवेना.

तेव्हापासून ते एकच विचारतात, "क्षितिज तर पुण्यात सोताचं काही करून राह्यला न?" मी हो म्हणते. तू बिल्डरांच्या जाहिराती करतोस हे सांगितलेलं नाही. भिंतीवरचा तो चेहरा तूच काढून पाठवलास, हेही नाही. तू त्यांना भेटायला येतोयस, असं अक्षय म्हणाला. तू पाया पडशील आणि ते विचारतील. तुला खोटं बोलता येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? एवढ्यासाठीच लिहिलं. सर आहेत तोवर दिग्रसला येऊ नकोस.

तुझीच,
मिताली