बिनक्लचच्या गाडीचा तिसरा गिअर

नाना, तात्यांच्या गाडीची गिअरपेटी मी मागच्या आठवड्यात उघडली. तुम्ही बांधलेली ती शेवटची पेटी. अकरा वर्षं मी तिला हात लावला नव्हता, कारण आत तुमची चूक सापडणार याची मला खात्री होती आणि ती मला डोळ्यांनी बघायची नव्हती. गेलेल्या माणसाच्या चुका उकरू नयेत, असं मी स्वतःला बजावत आले. उकरल्या नाहीत हे खरं, पण सांगायला मात्र कुणाला सोडलं नाही. चौफुलीवरचा चहावाला, शेजारचा पंक्चरवाला, नवापूरचे दोन मिस्तरी, सगळ्यांना माझं एक ठरलेलं वाक्य पाठ झालंय: "नानांना शेवटी दिसत नव्हतं हो, हाताने चाचपून प्लेटी भरल्या, एखादी कमी पडली असणार." हे मी इतक्या मायेनं सांगायचे की ऐकणाऱ्याला तुमच्याबद्दल वाईटच वाटायचं. तेव्हा आज तुमच्याशी बोलायलाच हवं.

मी सुरतेचं सासर सोडून विसरवाडीला परत आले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. माय दोन दिवस रडली. तुम्ही एका शब्दानं काही विचारलं नाहीत, पण तिसऱ्या दिवशी चहा झाल्यावर चपला पायात सरकवत म्हणालात, "आक्का, घरमा बशीसन काय करशी? चाल मन्हा संगे." गॅरेजात नेऊन माझ्या हातात तेरा-चौदाचा पाना दिलात आणि तुम्ही ट्रकखाली गेलात. बाहेर हायवेवरून जाणारे-येणारे वळून वळून बघत होते, बाई पाना धरून काय करतेय म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तुम्ही गाडीखालूनच ओरडलात, "तेरानी नही, चौदानी बाजू!" आणि त्यानंतर नऊ वर्षं मी तिथंच तुमच्या हाताखाली होते.

ट्रकचे क्लच आणि ब्रेक यावर आपलं घर चाललं, पण तुमचा जीव होता तो बिनक्लचच्या जुन्या मोटारींत. तरण्या वयात मुंबईच्या कुठल्याशा वर्कशॉपात परदेशी गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बांधायला शिकलात, आणि तेवढं एक वेड घेऊन या रस्त्यावर येऊन बसलात. वर्षा-दोन वर्षांतून एखादी तसली लांबलचक गाडी यायची, कधी गुजरातेतून, कधी तापीकाठच्या कुणा बड्या शेतकऱ्याच्या खळ्यातून, कोंबड्यांनी घाण केलेली. ती आली की तुमच्या अंगात यायचं. ट्रकवाले बाहेर हॉर्न मारून दमायचे. तुम्ही गिअरबॉक्स उतरवून फळीवर घ्यायचात आणि एखाद्या पाहुण्याकडे बघावं तसे हात पुसून त्याच्यासमोर बसायचात. गिअर आपोआप कसा बदलतो हे मला समजावताना तुम्ही कधीच कंटाळला नाहीत. तेलाचा दाब वाढतो, दाबानं बोटाएवढी खिटी सरकते, ती सरकली की तेल पुढच्या प्लेटींवर जातं, त्या एकमेकींना घट्ट धरतात आणि गाडी वरचा गिअर घेते. "माणूस काही करत नही, तेलच करस," असं तुम्ही म्हणायचात, आणि इतक्या कौतुकानं की ते तेल जणू आपल्या घरातलंच कुणी होतं.

घरातलंच होतं म्हणा. सुरतेहून नवीन अस्तर लावून आणलेल्या प्लेटी बसवायच्या आधी तेलात भिजवाव्या लागतात, आणि गॅरेजात धूळ, म्हणून तुम्ही मायचं मोठं पातेलं पळवलंत. ओट्याच्या कोपऱ्यात झाकण घालून ते ठेवलेलं असायचं, आत लालभडक तेल. एकदा धुळ्याचे मामा आले, भूक लागली म्हणून स्वयंपाकघरात शिरले, झाकण उचललं आणि खुशीत ओरडले, "ताई, तर्री तं जोरदार उनी शे!" वाटी बुडवलीसुद्धा होती त्यांनी. माय त्या दिवशी तुमच्यावर जी कडाडली! तुम्ही मात्र मामांच्या हातातली वाटी काढून घेतलीत आणि त्यातलं तेल थेंबाथेंबानं परत पातेल्यात ओतलंत. मामा उभेच. मला अजूनही हे आठवलं की एकटीला हसू फुटतं, आणि मग तुम्ही नाहीत हे लक्षात येतं.

तुम्ही मला एकदाच रागावलात. पहिल्याच वर्षी. पेटीचा जो सगळ्यात नाजूक भाग, ज्यात तेलाचे बारीक बारीक मार्ग कोरलेले असतात आणि त्या खिट्या मागे-पुढे सरकतात, त्याला तुम्ही 'डोकं' म्हणायचात. ते डोकं मी धुतलं आणि ओलं राहू नये म्हणून माझ्या सुती ओढणीच्या टोकानं पुसून घेतलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी दोन पावलं मागं सरले. "सूत नको व माय, सूत नको! एक धागा आत गया का खिटी आडकी जास, गाडी मरी जास." मग तुम्ही सगळं परत खोललंत, परत पेट्रोलमध्ये धुतलंत, हवा मारलीत, अर्धा दिवस घालवलात आणि मला जवळ येऊ दिलं नाहीत. संध्याकाळी मायची एक जुनी नायलॉनची साडी फाडून तिचे तुकडे माझ्या हातात ठेवलेत. आख्खा तालुका कापसावर जगतो आणि आपल्या पेटीला कापसाचं वावडं, म्हणून मी पुढं कितीतरी दिवस तुमची थट्टा करायचे. तुम्हाला ती थट्टा आवडायची नाही.

आता त्या शेवटच्या पेटीचं सांगते. तुम्हाला दम्यानं पार खाल्लं होतं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, आणि ऑपरेशन म्हटलं की तुम्ही "कापूस निघू दे, मग देखू" म्हणत टाळत होतात. गॅरेजात तुमची खाट टाकली होती. त्यावर बसून तुम्ही प्लेटी भरल्यात, एक अस्तराची, एक लोखंडाची, बोटांनी चाचपत आणि मोठ्यानं मोजत. मी डोकं धुतलं. तुम्ही म्हणालात, परत धू. मी परत धुतलं. तुम्ही हात फिरवलात आणि म्हणालात, अजून एकदा. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते, नाना, नऊ वर्षं हेच करत होते, आणि समोर गाडीचे मालक तात्या बसले होते. माझं डोकं तापलं. तिसऱ्यांदा धुतलं ते धुसफुसतच, आणि ताटात मांडून बाहेर उन्हात वाळायला आपटलंच म्हणा. आतून तुम्ही विचारलंत, "आक्का, ढाकं का?" मी म्हटलं, "हाव, ढाकं." झाकलं नव्हतं. नायलॉनची साडी हातातच होती माझ्या. पण मनात म्हटलं, तीनदा धुतलंय, आता अजून काय.

दोन दिवसांनी गाडी तयार झाली. मी आणि तात्या नवापूरच्या सपाट रस्त्यावर घेऊन गेलो. पहिला गिअर, दुसरा गिअर, छान. तिसरा पडेना. इंजिन नुसतं बोंबलत राहिलं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हटलं, नानांना दिसत नव्हतं हो. ते वाक्य मी पहिल्यांदा म्हटलं ते तेव्हा. तात्या भला माणूस. म्हणाले, "ऱ्हाऊ दे आक्का. नानाना हात लागेल शे तिले, आते कोणी उघडू नका." परत आल्यावर तुम्ही खाटेवर उठून बसलात. "तिसरा पडना का?" मी पडला म्हणून खोटंच सांगितलं, "पडना, नाना. समजनं बी नही इतला हळूच." तुम्ही आडवे झालात, आणि किती दिवसांनी त्या दुपारी तुम्हाला गाढ झोप लागली. तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात. गाडी तात्यांच्या खळ्यात ताडपत्रीखाली गेली.

ती बाहेर निघाली ती तात्यांच्या पायामुळं. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. बाकी सगळं सावरलं, डावा पाय मात्र ऐकत नाही. मुलगा म्हणतो ड्रायव्हर ठेवा, नवी ऑटोमॅटिक घ्या. तात्यांनी मला फोन केला: "आक्का, मन्हा डावा पाय गया. मन्ही ती गाडी डावा पाय मांगत नही. तिले उभी कर." मी आधी उडवाउडवी केली. मग ते म्हणाले, मरायच्या आधी स्वतःच्या हातानं शेतापर्यंत गाडी न्यायचीय. मी हो म्हटलं. मागचा शाफ्ट उतरवून ठेवायला सांगितलं, म्हणजे ओढत आणताना पेटीचं वाटोळं होणार नाही, आणि ट्रॅक्टरला बांधून गाडी विसरवाडीला आली.

पेटी उघडून मी आधी तुमच्या प्लेटी काढल्या, कारण चूक तिथंच असणार होती. मोजल्या. बरोबर होत्या. परत मोजल्या. मग फटीत गेजचं पातं घालून पाहिलं, पुस्तकात जेवढी फट सांगितलीय तेवढीच. न दिसणाऱ्या डोळ्यांनी, नुसत्या बोटांनी तुम्ही ते साधलं होतंत. मी तिथंच स्टुलावर बसले. मग डोकं खोललं. सगळ्या खिट्या बोटानं ढकलल्या की सरकत होत्या, तिसऱ्या गिअरची तेवढी हलेना. हळूच काढली तर तिच्या खाचेत काळपट, बुळबुळीत काहीतरी गुंडाळलेलं. तळहातावर घेऊन त्याच्यावर पेट्रोल सोडलं. काळं निघून गेलं आणि पांढरं उरलं. कापूस होता, नाना. चिंधीचा धागा नव्हे, झाडावरचा कापूस, सरकीचा एक कण चिकटलेला.

मग आठवलं. ताट उन्हात होतं तेव्हा कापसानं फुगलेला एक ट्रक पंक्चर काढायला शेजारी थांबला होता. वारा सुटला होता. त्या महिन्यात या रस्त्यावर सगळीकडेच कापूस उडत असतो, झाडाझुडपांना चिकटतो, आपल्या केसांत येतो, कुणाचं लक्षही जात नाही. म्हणून तर तुम्ही झाकायला सांगत होतात.

मायला सांगितलं. ती आता ऐंशीला टेकली, पण जीभ तीच. म्हणाली, "मंग? नाना काय आते तुले मारतीन?" आणि लसूण सोलत राहिली. थोड्या वेळानं तीच म्हणाली, की अकरा वर्षं तू सांगत होतीस तेव्हा मला पटत नव्हतं, पण तू मिस्तरी, मी कोण बोलणार. हे मला फार लागलं.

पेटी मी घराच्या आतल्या खोलीत बांधली, दारं-खिडक्या लावून. रबरी सील सगळे कडक झाले होते, ते नवे घातले. तुमच्या प्लेटी भिजवून, तुम्ही लावल्या होत्या त्याच क्रमानं परत लावल्या. काल सकाळी तात्या स्टिअरिंगवर बसले, डावा पाय बाजूला आरामात टाकून. मी शेजारी. पहिला, दुसरा, आणि नवापूरच्या रस्त्यावर, त्याच सपाटीला, तिसरा. खरंच समजलासुद्धा नाही, फक्त इंजिनाचा आवाज खाली बसला. तात्या पोरासारखे हसायला लागले. मी त्यांना गाडी कडेला घ्यायला लावली आणि सगळं सांगितलं, ताट, ट्रक, "हाव, ढाकं" मी म्हणाले ते, सगळं. म्हटलं, "चूक मन्ही व्हती तात्या, नानानी नही." त्यांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "म्हणजे आपण अकरा वरीस नानाले नावं ठेवी ऱ्हायनूत? त्यानी माफी मांगनी पडी, आक्का."

म्हणून हे लिहायला बसले. आता चहावाल्याला, पंक्चरवाल्याला, नवापूरच्या त्या दोघांना एकेकाला गाठून सांगणार आहे, आणि हे मी करेन, ते तोंडावर हसले तरी. हा कागद कुठं पाठवायचा नाही हे मला ठाऊक आहे. तात्यांना सांगितलं ते खरं, पण ते सगळं नव्हतं. उरलेलं कुणालाच सांगता येणार नाही, तुम्हालाच काय ते. त्या दिवशी तिसरा पडला नाही आणि मनात आलं की तीनदा धुवायला लावणाऱ्या नानांचंच चुकलं, तेव्हा वाईट वाटायच्या आधी मला क्षणभर बरं वाटलं होतं.