आंबिलीचं बिंदगं

जळकोट, येळवशीची संध्याकाळ

अप्पा,

तुम्ही आम्हाला सोडून सोलापूरला गेलात आणि मी सहा महिने भिंतीकडं तोंड करून पडले. शाळा बंद, बोलणं बंद, गोळ्या चालू.

आज येळवस, रानात काळ्या आईची पूजा करायची अमावस्या. आंबिलीचं बिंदगं, ती भरली घागर, डोक्यावर घेऊन रानात जायचा मान घरच्या कर्त्याचा. काका म्हणाले, "दादा न्हाय, तर मी नेतो." तुमची कारभारीण असून अव्वा मागं सरली. मग मीच पुढं होऊन बिंदगं उचललं.

आंबील शिंपडत सगळ्या शेताला फेरी मारली. "ओलगे ओलगे" अशी येळवशीची आरोळी ठोकली, की शेजारच्या चार रानांतनं साद आली.

अव्वा डोळे पुसत हसली, "हळू गं, घसा बसंल!"

बसलाच, अप्पा! महिनोन्‌महिने गप्प असलेल्या तुमच्या पोरीचा आज ओरडून घसा बसलाय. हे पत्र टाकणार न्हाय. लिहायला बसले ते तुम्ही परत या म्हणायला, पण आरोळीचं सांगण्यात ते लिहायचं राहूनच गेलं.

बिंदगं नेणारी,
शिवप्रिया