एक ओळ सरकली

माय, तुला जाऊन पंधरा वर्षं झाली, आणि आज मी नांदेडला दवाखान्याच्या ऑफिसात डबा तसाच ठेवून तुला लिहायला बसलेय. तू कॉम्प्युटर कधी हाताळला नाहीस, म्हणून आधी माझं काम सांगते. आमच्या दवाखान्यातल्या हजारो पेशंटची यादी एक्सेलच्या फाइलमध्ये होती. केस नंबर, नाव, वय, गाव, आणि शेवटच्या रकान्यात कुणाला कोणतं औषध सोसत नाही ते. ती सगळी आता नव्या सिस्टिममध्ये चढवायची होती. ही सिस्टिम फार कडक. एक तारीख उलटी दिसली की अख्खी फाइल परत पाठवते. तीन आठवडे मी तारखा एकसारख्या करत होते, दोनदा आलेली नावं शोधत होते, केस नंबरापुढची उडालेली शून्यं परत लावत होते. शेवटी चाचणीत एकही चूक निघाली नाही, तेव्हा साहेब म्हणाले, "मॅडम, आता चढवून टाका."

"सर, एक तास द्या. दहा जुने कागद काढून ताडून बघते."

"अहो, सिस्टिमनं पास केलंय की."

"तरी बघते."

मी असं का म्हणाले, ते तुला ठाऊक आहे. रेणापूरला तू अंगणवाडी चालवायचीस. मी सहावीत असेन. तू चुलीपाशी भाकरी थापतेयस आणि मी नव्या रजिस्टरात लेकरांची वजनं उतरवतेय. नावं आधीच लिहून झालेली. मध्येच एक वजन सुटतं, आणि तिथून पुढं प्रत्येकाच्या नावावर त्याच्या खालच्याचं वजन पडत जातं. तू पान बघितलंस. मारलं नाहीस, ओरडली नाहीस. पिठाचे हात धुतलेस आणि मला घेऊन गावाबाहेरच्या वस्तीवर गेलीस. तिथं एका बाजेवर दीड वर्षाची पोर पडली होती, हातपाय काटकुळे. "बघ," तू म्हणालीस, "हिच्या नावावर तू शेजारच्या धडधाकट पोराचं वजन लावलंस. कागदावर ही पोर बरी हाय आता. उद्या डॉक्टर आले तर हिच्याकडं बघणार बी न्हाईत." मी रडायला लागले. "रडू नको. लिहून झालं की दहा नावं जुन्या कागदासंग लावून बघत जा. लई वेळ लागत न्हाई."

परवा सहावा कागद लातूरच्या एका म्हाताऱ्या गुरुजींचा निघाला. कागदावर लाल शाईत लिहिलेलं, पेनिसिलिन देऊ नये. फाइलमध्ये त्यांच्यापुढचा रकाना कोरा. नावं अक्षरांप्रमाणे लावताना मी शेवटचा रकाना सोबत घ्यायलाच विसरले होते. नावं हलली, औषधं जागच्या जागी राहिली, आणि एकाचं दुखणं दुसऱ्याला चिकटलं. प्रत्येक औषधाचं नाव बरोबर होतं, म्हणून सिस्टिमला काहीच खटकलं नाही. मी साहेबांच्या टेबलापाशी जाऊन म्हणाले, "सर, चूक माझी आहे." ते हळू आवाजात म्हणाले, "चढवली असती तर?" मी गुरुजींचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

जुनी प्रत जपून ठेवली होती, म्हणून निभावलं. दोन दिवस बसून सगळं पुन्हा केलं, आणि या वेळी दहा नाही, शंभर कागद ताडले. आज सकाळी फाइल चढली. चुका शून्य. योगायोगानं गुरुजी आजच गुडघा दाखवायला आले होते. मी मुद्दाम बाहेर जाऊन बघून आले. बाकावर बसून शेंगा खात होते. मला बघून म्हणाले, "बाई, नंबर कवा येनार? माझी बस जाईल की." मला इतकं हलकं वाटलं की त्यांना हाताला धरून मीच आत सोडून आले.

मग साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, ही ताडून बघायची सवय कुठं लागली?" मी म्हणाले, "लातूरला, कॉम्प्युटरच्या क्लासात." सगळ्यांनी माना डोलावल्या. तुझं, एका सातवी शिकलेल्या बाईचं नाव त्या खोलीत घ्यायला माझी जीभ रेटली नाही. हा कागद पाठवायला पत्ता नाही, घडी घालून पर्समध्ये ठेवतेय. खोटं बोलले मी, माय.