रॉइसची ताडपत्री

प्रिय व्हर्नाताईस इडेलाचा नमस्कार.

हार्लनभाओजींचा गुडघा आता वळत असेल अशी आशा करते. माझ्या तब्येतीचं विचारशील तर ती सध्या कोरडी आहे आणि तेवढ्यावर मी समाधानी आहे. फ्रँकलिन गावातल्या एका लॉजवरून लिहितेय.

जॉर्जियापासून पार उत्तरेच्या मेन राज्यापर्यंत डोंगरांतून चालत जायचं, हे रॉइसचं निवृत्तीनंतरचं खूळ तुला ठाऊकच आहे. सारा हिवाळा त्याने स्वयंपाकघरातला वजनकाटा अडवून ठेवला (माझ्या आतल्या कपड्यांची लेबलंसुद्धा कापली, वजन होतं म्हणे). तंबू निवडताना तर कहर झाला. पहिला आणला तो छान होता, आत बसून केस विंचरता यायचे. तो जड म्हणून परत गेला. दुसरा गेला, कारण त्याला दार होतं. शेवटी आली ती नुसती ताडपत्री, चालायच्या काठ्यांवर ताणायची. मी विचारलं, "आणि भिंती?" तर म्हणाला, "भिंती कशाला? डोंगर बघायला चाललोय ना आपण?" खाली काय अंथरायचं, ते मी विचारलंच नाही.

नॅन्टाहालाच्या डोंगरात पावसाने गाठलं. वारा कुठून येईल याचा रॉइसने अभ्यास केला होता (त्याच्या बाजूपुरता). माझी स्लीपिंग बॅग पिळावी लागली. शेजारी ओपल नावाची एक विधवा मुक्कामाला होती, तिच्याकडे नेमका आम्ही परत केलेला तो पहिला तंबू, त्याच जातीचा. "आत ये गं बाई, गारठून मरशील," म्हणाली. मी गेले. रॉइस आला नाही. बाहेरून कुडकुडत त्याने सुनावलं, "मेनपर्यंत तिच्या पाठीचं काय होतं ते बघ."

फ्रँकलिनला उतरल्यावर मी सांगून टाकलं, तसा तंबू घे, नाहीतर मी पुढे येत नाही. त्याने शांतपणे आपल्या सॅकमधून माझा पेला आणि चमचा काढून बाकावर ठेवला, सॅक हातात तोलून बघितली आणि त्याचा चेहरा खुलला. "अगं, बराच फरक पडतोय," म्हणाला, आणि निघाला. भांडला असता तर बरं वाटलं असतं, ताई.

तुझी,
इडेला

ता. क. भाओजींचा शिकारीचा तंबू गॅरेजमध्ये पडून असेल तर इथल्या पोस्टात पाठव. जड आहे, माहीत आहे. मी घरी येत नाहीये. ओपलबरोबर पुढे चाललेय, माझ्या चालीने.

आणखी एक. रॉइसचा तुला फोन येईल. पायांना फोड आलेत आणि कोरडे मोजे कुठेच सापडत नाहीत, म्हणेल. त्याचं ओझं हलकं राहावं म्हणून त्याचे सगळे मोजे त्याने माझ्या सॅकमध्ये भरले होते. एक जोड आत्ता माझ्या पायात आहे. तू काही बोलू नकोस.