वीस फुटी बॅनर आणि दोन मामा

किन्हवली, ता. शहापूर
१४ एप्रिल २००८

तीर्थस्वरूप कुंडलिकमामांच्या चरणी भाचा प्रशांतचा नमस्कार. मामींची कंबर आता कशी आहे? म्हैस व्याली का? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. आई तर फारच मजेत आहे; का, ते पुढे येईलच.

आपल्या संध्याचं लग्न दहा दिवसांवर आलं. तुमचा निरोप मिळाला होता, की लग्नाच्या बॅनरवर बाळाराममामांच्या शेजारी माझा फोटो लावलास तर मी येणार नाही. बाळाराममामांचाही हाच निरोप आला, फक्त त्यात नाव तुमचं. (सहा वर्षांपूर्वी ते पेरणीआधी शेतात राब भाजत असताना तुमची पेंढ्याची उडवी पेटली, हे मी विसरलेलो नाही. तुम्ही कुणाला विसरूच देत नाही.) आई म्हणाली, "माझ्या लेकीचं लगीन, आन् दोघंबी माझेच भाव. एकाला या टोकाला लाव, एकाला त्या टोकाला. पन दोघंबी पायजेत." आता तुम्हा दोघांचं समाधान होईल एवढं अंतर ठेवायचं म्हणून बॅनर वीस फूट लांब झाला. मधली जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथे नवरा-नवरी घेतली.

माझ्या स्टुडिओतलं सॉफ्टवेअर फुकटचं, मासिकाबरोबर आलेल्या सीडीतलं. अल्बमला टाकतो तोच आकडा मी सवयीने टाकला, इंचाला तीनशे ठिपके. कॉम्प्युटर घरघरला, पडदा पांढरा झाला, आणि मी नाक्यावर चहा पिऊन परत आलो तरी तुमची डावी मिशी उमटली नव्हती. थोड्या वेळाने डिस्क भरल्याची पाटी आली. शेवटी फ्लेक्सवाल्याला फोन केला. तो हसतच सुटला. "अरे, उंचावर टांगायचाय ना? साठ ठिपके बस झाले. मिशा मोजाला शिडी कोन लावतंय?"

साठावरही गाडी अडलीच. मग कळलं, की चुकलं तर मागे फिरता यावं म्हणून हे सॉफ्टवेअर मागचं सगळं साठवून ठेवतं, आणि त्या ओझ्यापायी पुढे सरकत नाही. एकच पायरी लक्षात ठेव, असं त्याला सेटिंगमध्ये बजावलं, तसा गडी सुतासारखा सरळ झाला. (हे मी सॉफ्टवेअरबद्दल लिहितोय.) शिवाय चित्राच्या चार उभ्या पट्ट्या केल्या, एका पट्टीत एक माणूस, आणि एकेक पट्टी वेगळी दुरुस्त केली. तुमच्या शर्टावरचा डाग काढला, बाळाराममामांना थोडे केस दिले.

आणि पट्ट्या परत जोडताना घोटाळा झाला. टोकाच्या मधे आल्या आणि मधल्या टोकांना गेल्या. आता नवरी शहापूरच्या बाजूला, नवरा मुरबाडच्या बाजूला, मधोमध तुम्ही दोघं खांद्याला खांदा लावून हसताय, आणि 'शुभविवाह' बरोब्बर तुमच्या दोघांच्या डोक्यावर. बॅनर छापून नाक्यावर लागलासुद्धा. फुकटच्या सॉफ्टवेअरला बोलणार तरी काय? तेव्हा रागावू नका आणि लग्नाला या, एवढीच विनंती.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
प्रशांत

ता. क. सॉफ्टवेअरची काही चूक नव्हती. मी पट्ट्या जोडायला बसलो तेव्हा आई डबा घेऊन आली होती. तुमच्या दोघांच्या पट्ट्या पडद्यावर शेजारी शेजारी उघड्या होत्या. तिने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे तशेच. आता नको हलवू." माझ्याने हलवलं गेलं नाही. आता रोज संध्याकाळी ती नाक्यावर जाऊन बॅनर बघून येते.

आणखी ता. क. हेच पत्र बाळाराममामांनाही धाडलंय, नुसती नावं आणि उडवीची बाजू बदलून. (मामींची कंबर तशीच ठेवली, दोन्ही मामींची दुखते.) पोस्टमन दोन्ही पत्रं तुमच्या दोघांच्या एकाच अंगणात टाकेल. अदलाबदल झाली तरी बिघडत नाही.

शेवटचं. मामाने हात धरून नवरीला मांडवात आणायचं असतं. ते कुठल्या मामाने, म्हणून आई काळजीत होती. संध्या म्हणाली, "मला हात दोन हायत ना?"