बाजू बदलल्यावर

शनिवार, १२ मे २००७. संध्याकाळ.

आज वैशालीशी खोटं बोललो. पोरीने हिंजवडीत ऑफिसजवळ खोली घेतली आहे, उद्या जाणार. सामान बांधताना विचारलं, "बाबा, माझा फुटबॉलचा व्हिडिओ गेम कुठंय?" मी म्हणालो, भंगारात दिला. तो माझ्या कॉटखाली आहे, चादरीत गुंडाळलेला. ती चालली आणि गेमही चालला, हे काही सोसेना. पण खोटं कशाला?

ती सातवीत असताना आम्ही रोज खेळायचो. मला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी शर्टाचा रंग बघून संघ घ्यायचो. मध्यंतरानंतर बाजू बदलते, हे माझ्या लक्षात राहत नसे. आपल्याच जाळ्यात गोल मारायचो. "बाबा, तुम्ही माझ्याकडून खेळताय का?" म्हणून ती लोळून हसायची. पुढे लक्षात राहायला लागलं, तरी मी बाजू चुकवायचो. तिला कळलं असेल का?

भंगाराचं ऐकून म्हणाली, "बरं केलंत. भंगारवाल्याला निदान बाजू तरी कळत असेल." पण तोंड उतरलं होतं. मग हळूच म्हणाली, "तो तिथे असता तर दर रविवारी तुम्ही खेळायला तरी आला असतात."

म्हणजे माझ्यासाठीच नेणार होती. आणि मी काय करून बसलो. आता काय सांगू? सापडला म्हणू? नको, आणखी एक खोटं होईल. गेम कॉटखालून काढून पुसला आहे. ती पलीकडच्या खोलीत बॅग भरते आहे. रागावली तर रागावू दे, जाऊन हातातच देतो.