साहेबांना आवडलेला नकाशा

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचं गुडघ्याचं दुखणं आणि मामींचा माझ्यावरचा राग, दोन्हींना उतार पडला असेल अशी आशा आहे. (इकडे बायको-मुलं ठीक. मी ठीक नाही.)

आमच्या ऑफिसनं छापलेल्या पुराच्या नकाशात तुमचं घर गळ्यापर्यंत बुडालेलं दिसतं आणि त्यामुळे घराचं ठरलेलं गिऱ्हाईक पळालं, हे मान्य. पण मामा, ते घर मी बुडवलेलं नाही. पाणी मोजायची यंत्रं साऱ्या शहरात मोजकीच. (त्यातल्या एकात चिमणीनं घरटं केलंय.) दोन यंत्रांच्या मधल्या जागेत किती पाणी चढेल हे कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून आजूबाजूच्या मोजमापांवरून संगणकाकडून अंदाजाचे नकाशे काढून घ्यायचे. एक नव्हे, शंभर. प्रत्येक शक्य, पण खरा म्हणावा असा एकही नाही. शंभरांपैकी किती नकाशांत एखादी गल्ली बुडते ते पाहायचं, की तिथला धोका कळला. एवढं सोपं. हे मी साहेबांना फळ्यावर चित्रं काढून पुन्हा पुन्हा समजावलं. त्यांनी मान डोलावली, चहा संपवला आणि म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो, पण यातला खरा कोणता?"

मी कपाळाला हात लावला. सरासरी काढून दिली, तर ती म्हणे फिकट दिसते. मग शंभर कागद टेबलावर पसरून, पडद्याचं कापड निवडावं तसा त्यांनी एक निवडला (रंग उठावदार, शिवाय त्यात साहेबांचा बंगला कोरडा), चौकट करून दारात टांगला आणि वर्तमानपत्राकडेही धाडला. दोन-तीन नकाशे सोडले तर तुमच्या पायरीलाही पाणी शिवत नाही, हे मी घसा फोडून सांगितलं, कोणी ऐकेल तर शपथ. आणि वर तुमचा फोन: "शंभरात बुडवायला सख्खा मामाच सापडला का रे?" तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. माझ्यावर रागावा, पण बोलणं तोडू नका.

तुमचा,
भाचा

ता. क. बाकीच्या बहुतेक सगळ्या नकाशांत बुडतं ते आमचं तळमजल्यावरचं घर. हे मी हिला दाखवलं, तीच चूक झाली. तुमचं गिऱ्हाईक पळालंच आहे, भावही उतरला असेल, तर ते घर आम्हालाच द्या ना.

आणखी एक. साहेबांना अखेर पटलं. सोमवारी तो नकाशा उतरवून शंभरांचा मिळून केलेला लावणार आहेत. ही म्हणते, हे तुम्हाला कळवायची काही गरज नाही. तरी तुमचं उत्तर शनिवारपर्यंत आलं तर बरं.